कॅप्टन बीफहार्ट ऐकायचा कसा, आणि तो येतो कुठून?

प्रश्न असा आला आहे: कोल्हापुरातल्या चार कॉलेजच्या मुलामुलींचा बँड आहे. दोन गिटार, एक बास, एक ड्रम्स. त्यांनी अमेरिकन गायक कॅप्टन बीफहार्ट आणि त्याच्या मॅजिक बँडचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा अल्बम लावला आणि तिसऱ्या गाण्यावर बंद केला. हे लोक मनाला येईल तसं वाजवतात का? त्यांच्यावर प्रभाव कुणाचा? आणि हलगी घेऊन आपल्याला या वाटेनं जाता येईल का?

मी ड्रम्स वाजवतो आणि शिकवतो. बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात काढली आहेत, आणि हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘मनाला येईल तसं’ याचं उत्तर. अजिबात नाही. बीफहार्टचा आवाज आणि त्याची फुंकवाद्यं सोडली, तर या अल्बमवर आयत्या वेळी सुचलेलं जवळपास काहीच नाही. गिटारचा एकेक सूर, बासची प्रत्येक उडी, ड्रम्सचा प्रत्येक ठोका आधी ठरलेला आणि पाठ केलेला आहे. वेडंवाकडं वाजतंय म्हणजे मोकळं वाजतंय, असं आपण गृहीत धरतो. सगळी गल्लत तिथं होते. मला तुम्हाला एकच गोष्ट पटवायची आहे: हे जुने ब्लूज आहेत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं. त्यांचा वाकडेपणा कुणीतरी जसाच्या तसा गोठवला आणि पाच जणांकडून घोटून घेतला.

माणूस कोण, ते थोडक्यात. खरं नाव डॉन व्हॅन व्लीट, जन्म १९४१, कॅलिफोर्नियातलं ग्लेनडेल. लहानपणी तो शिल्पं करायचा, प्राण्यांची. पुढे कुटुंब मोहावी वाळवंटाच्या कडेला लँकेस्टरला गेलं. तिथं शाळेत त्याला फ्रँक झापा भेटला, पुढे रॉकमधला नावाजलेला संगीतकार झाला तो. डॉनचे वडील बेकरीची पावाची गाडी चालवायचे. गाडीत उरलेले अननसाचे बन खात ही दोन पोरं रात्ररात्रभर रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी ऐकायची, असं झापानं सांगून ठेवलंय. याच झापानं १९६९ मध्ये ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ची निर्मिती केली. दोन रेकॉर्डींचा संच, अठ्ठावीस तुकडे, एकोणऐंशी मिनिटांच्या आसपास.

त्या रात्रीच्या रेकॉर्डींतला सगळ्यात मोठा ठसा हाउलिन वुल्फचा. मिसिसिपीतून शिकागोला आलेला हा धिप्पाड गायक घशाच्या तळातून गुरगुरत गायचा. बीफहार्टचा आवाज तिथूनच आलाय हे पहिल्याच ओळीत कळतं. पण आवाज हा प्रभावाचा वरचा थर झाला. खालचा थर लयीचा आहे आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

ब्लूज म्हणजे बारा बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट), तीन कॉर्ड, असं आपण क्लासमध्ये शिकतो आणि मीही तसंच शिकवतो. चार मात्रांचे बारा बार, अठ्ठेचाळीस मात्रा, मग पुन्हा पहिल्यापासून. पण एकटा बसून वाजवणारे जुने ब्लूजवाले असं मोजत नव्हते. ओळ लांबली तर बार लांबला. श्वास संपला तर अर्ध्या बारातच कॉर्ड बदलली. जॉन ली हुकरची १९४८ मधली पहिली रेकॉर्ड ऐका. एक माणूस, एक गिटार आणि पायाचा ठोका. कॉर्ड जवळपास बदलतच नाही. मोजायला बसाल तर चुकाल, कारण गाणं मोजणीवर चाललेलं नाही, बोलण्यावर चाललंय. लुइझियानाचा रॉबर्ट पीट विल्यम्स याहून पुढचा. त्याच्या गाण्यांत ठरीव साचा असा सापडतच नाही. बीफहार्टनं १९६७ च्या ‘सेफ अ‍ॅज मिल्क’ या पहिल्या अल्बमवर त्याचंच एक गाणं घेतलं. इतके ब्लूजवाले असताना नेमका हा निवडला, यातच पुढचं सगळं दिसतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. खासबागेत कुस्ती बघितली असेल तर आठवा. हलगी, घुमकं, कैताळ वाजत असतं. पैलवान एकमेकांना चाचपत असतात तेव्हा हलगी एका चालीत असते. कुणी पट काढला, कुणी खाली आला की हलगीवाल्याचे हात बदलतात. अमुक आवर्तनं झाली म्हणून तो चाल बदलत नाही, मातीत काहीतरी घडलं म्हणून बदलतो. एकट्या ब्लूजवाल्याचा बार असाच वाकतो. तिथं मातीच्या जागी गाण्याची ओळ असते, एवढंच.

आता कल्पना करा की कुणीतरी अशा हलगीचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतलं, त्यातला प्रत्येक ठोका कागदावर उतरवला आणि पाच जणांना सांगितलं, हे असंच पाठ करा, एक मात्रा इकडची तिकडे होता कामा नये. मॅजिक बँडनं जे केलं ते जवळजवळ हेच आहे.

‘सेफ अ‍ॅज मिल्क’ अजून सरळ होता. त्यात वीस वर्षांचा राय कूडर स्लाइड गिटार वाजवतो, गाण्यांना सुरुवात-शेवट आहे, पाय धरता येतो. दोन गाण्यांत तर थेरेमिन आहे, हात न लावता वाजणारं ते विजेचं वाद्य. पण ब्लूजचा सांगाडा जागेवर आहे. दोन वर्षांत तो सांगाडा सुटा करून पुन्हा जोडला गेला, आणि ते काम लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागातल्या एका भाड्याच्या घरात झालं.

पद्धत अशी होती. बीफहार्टला पियानो येत नव्हता. तो पियानोवर बसून तुकडे बडवायचा, कधी शिट्टी वाजवून दाखवायचा, कधी तोंडानं म्हणायचा. ड्रमर जॉन फ्रेंच शेजारी बसून ते नोटेशनमध्ये उतरवायचा. मग कुठला तुकडा कुठल्या गिटारला, कुठला बासला, तो किती वेळा वाजवायचा, पुढचा कुठं जोडायचा, हे बसवणं आणि एकेकाला शिकवणं, यातलं बरंचसं फ्रेंचनंच केलं. गिटारवाला बिल हार्कलरोड तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. दहा बोटांनी पियानोवर पडलेले सूर सहा तारांवर आणायचे होते. अशी कॉर्ड गिटारवर बसतच नाही. ती फोडावी लागते, तारा ओढाव्या लागतात, हात अशा जागी न्यावा लागतो जिथं तो एरवी कधीच जात नाही. त्या गिटारांचा खडबडीत, काटेरी आवाज निम्मा या अडचणीतून आलाय.

माझ्या लेखी अल्बमचा गाभा हा आहे. पियानो न येणाऱ्या माणसाचे हात सवयीच्या जागी पडत नाहीत. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याची बोटं आपोआप ओळखीच्या चालींवर जातात. मी स्वतः नवीन ठेका शोधायला बसलो की हात दादऱ्या-केरव्याकडेच वळतो. बीफहार्टच्या बोटांना अशा वाटाच नव्हत्या. पण नुसतं तेवढं असतं तर तो खरोखरच गोंगाट झाला असता. त्याला अर्थ आला तो फ्रेंचच्या कानामुळे आणि चार तरुण वादकांच्या घोटण्यामुळे. आठेक महिने, दिवसाचे बारा-चौदा तास तालीम चालायची. नंतर स्टुडिओत गेल्यावर वीसच्या आसपास गाण्यांची वाद्यं त्यांनी सुमारे सहा तासांत रेकॉर्ड केली. मनाला येईल तसं वाजवणाऱ्यांना हे शक्य नाही. ऑर्केस्ट्रात ज्यानं एका बैठकीत चार गाणी विनाचूक वाजवली आहेत, त्याला या आकड्याचं वजन कळेल.

सगळा अल्बम आपण पियानोवर साडेआठ तासांत रचला, असं बीफहार्ट मुलाखतींत सांगायचा. ते खरं नाही. वादकांनी पुढे स्पष्टपणे सांगितलंय की रचनेला महिने लागले.

आता ऐकायला अवघड का जातं, ते. आपल्याकडे तबलजी आणि गवई कितीही लांब गेले तरी सम दोघांना बांधून ठेवते. कोल्हापूर तर अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. देवल क्लबात जयपूर घराण्याचं गाणं ऐकलेल्या माणसाला अनवट राग आणि अवघड लयकारीची भीती वाटायचं कारण नाही. पण तिथं चक्र एकच असतं आणि त्याच्या आत मोकळीक असते. मॅजिक बँडचं नेमकं उलट आहे. चक्र एक नाही, आणि मोकळीकही नाही. समजा एक गिटार पाच मात्रांचा तुकडा फिरवतेय आणि दुसरी सातांचा. एकत्र सुरू झाल्या तर पस्तीस मात्रा झाल्यावर पुन्हा एकत्र येतील. पण तिथवर पोचायच्या आधीच सगळे पुढच्या भागात गेलेले असतात. कान समेची वाट बघत राहतो, ती येत नाही, आणि आपण म्हणतो, बेताल आहे. ताल आहे, फक्त तो प्रत्येकाचा वेगळा आहे.

यावर उपाय सोपा आहे आणि माझे विद्यार्थी त्यानंच या अल्बममध्ये शिरले. हेडफोन लावा. दोन गिटार दोन वेगळ्या कानांत आहेत. पहिलं गाणं ‘फ्राउनलँड’, पावणेदोन मिनिटांच्या आतलं. एका वेळी फक्त एकाच कानाकडे लक्ष द्या. त्या गिटारचा तुकडा तोंडानं म्हणता यायला लागला की दुसरा कान घ्या. मग फक्त ड्रम्स. ड्रम्स ऐकताना हाय-हॅटवर, म्हणजे पायानं उघडमीट होणाऱ्या जोडझांजेवर, सरळ ठेका शोधू नका, तो नाहीच. फ्रेंच ठेका धरत नाही, तो गिटारसारखा एक स्वतंत्र पीस वाजवतो, फक्त त्याचे सूर म्हणजे टॉम, स्नेअर आणि झांजा. ड्रमर म्हणून सांगतो, रॉकमध्ये ड्रम्सला इतकं स्वतंत्र काम त्याआधी फार थोड्यांनी दिलं होतं.

मग फ्री जॅझचा, म्हणजे ठरीव साचा सोडून वाजवलेल्या जॅझचा, प्रभाव म्हणतात तो कुठं आहे? आहे, पण लोक समजतात तिथं नाही. सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन यानं १९६० मध्ये दोन चौकड्या समोरासमोर ठेवून, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला, ‘फ्री जॅझ’ रेकॉर्ड केला. सगळे एकाच वेळी बोलतायत, कुणी कुणाची साथसंगत करत नाही, ही कल्पना बीफहार्टकडे त्या हवेतून आली. जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या शेवटच्या काळातला चिरकणारा, फाटणारा सॅक्सोफोनही त्याच्या फुंकण्यात ऐकू येतो, जरी हातात तयारी कोल्ट्रेनची नाही. पण कोलमनचे वादक त्या क्षणी ऐकून उत्तर देत होते, मॅजिक बँडचे देत नव्हते. त्यांनी मोकळ्या संगीताचं बाह्यरूप घेतलं आणि आतून ते पूर्ण लिहून काढलं. हा फरक सुटला की सगळं वाचन चुकतं.

‘मूनलाइट ऑन व्हरमाँट’ हे गाणं जवळून बघा, कारण त्यात प्रभावांचे थर उघडे दिसतात. ते बाकीच्या अल्बमच्या आधी, १९६८ मध्ये रेकॉर्ड झालं, त्यामुळं सगळ्यात पकडायला सोपं आहे. गिटार ब्लूजची, पण धार लावलेली. मध्येच चर्चमधलं जुनं भक्तिगीत ‘ओल्ड टाइम रिलिजन’ येतं, अगदी ओरडून. आणि त्याच गाण्यात एक ओळ आहे जी स्टीव्ह राइश या संगीतकाराच्या १९६६ च्या ‘कम आउट’मधून उचललेली आहे. राइशनं एका मुलाच्या बोलण्याचा तुकडा दोन टेपवर फिरवत ठेवला होता, आणि त्या टेप हळूहळू एकमेकींपासून सरकत जातात. म्हणजे मिसिसिपी, चर्च आणि न्यू यॉर्कचा टेपवरचा प्रयोग, तिन्ही चार मिनिटांच्या आत. वाळवंटातला, संगीताचं शिक्षण न घेतलेला भोळा कलावंत अशी बीफहार्टची प्रतिमा आहे. या एका गाण्यावरून कळतं की तो खूप ऐकत होता आणि काय घ्यायचं हे त्याला नीट माहीत होतं.

तुम्ही ज्यावर थांबलात ते तिसरं गाणं ‘डाखाउ ब्लूज’. नाझी छळछावणीवरचं आहे. ते सुखद वाटू नये हे बरोबरच आहे. त्याला परत जा, पण नंतर.

गायन मात्र खरंच सुटं आहे. बीफहार्टनं हेडफोन न लावता गाणं म्हटलं. स्टुडिओच्या काचेतून जेवढं झिरपेल तेवढंच त्याला ऐकू येत होतं. त्यामुळं आवाज वाद्यांवर तरंगतो, बसत नाही. ‘द डस्ट ब्लोज फॉरवर्ड’मध्ये तर वाद्यंच नाहीत. तो एकटा म्हणतोय, आणि ओळींच्या मध्ये टेपरेकॉर्डर थांबवल्याचे खटके ऐकू येतात. पुढची ओळ सुचेपर्यंत टेप बंद, सुचली की चालू. मला तो तुकडा फार आवडतो. रचना होतानाच ऐकायला मिळते.

डॉनची मूळ नजर चित्र-शिल्पाची होती, हेही ध्यानात ठेवा. तो सुरांचे तुकडे वस्तूंसारखे मांडतो. इथं ठेव, तिथं ठेव, मध्ये जागा सोड. एका कलेची नजर घेऊन दुसरीत उतरणारा माणूस कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटरांनी चित्रकाराच्या डोळ्यानंच सिनेमा उभा केला. बीफहार्टनं १९८२ च्या ‘आइस क्रीम फॉर क्रो’नंतर संगीत सोडलं आणि चित्रंच काढली. २०१० मध्ये तो गेला.

आता एक गोष्ट, जी या अल्बमचं कौतुक करताना बहुतेक जण गिळून टाकतात. त्या घरात वादकांचे फार हाल झाले. खायला पुरेसं नव्हतं, एकेकाला घेरून तासन्‌तास अपमान करणं चालायचं, मारहाण व्हायची. अन्नाची चोरी करताना पकडले जाण्यापर्यंत वेळ आली. हे वादकांनीच पुढे सांगितलंय. आणि ज्या जॉन फ्रेंचनं हे सगळं कागदावर आणलं आणि बसवलं, त्याचं नाव मूळ कव्हरवर नव्हतं. मला याचा आजही राग येतो. ‘उत्तम कला अशीच जन्मते’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. जे चांगलं झालं ते घोटण्यानं झालं, छळानं नाही. घोटायला उपाशी राहावं लागत नाही. तालमीआधी मुलांना पोटभर खाऊ घाला.

पुढचे अल्बम भराभर सांगतो. १९७० चा ‘लिक माय डेकल्स ऑफ, बेबी’ याच वाटेवरचा, पण जास्त घट्ट. त्यात झापाच्या बँडमधून आलेल्या आर्ट ट्रिपचा मरिंबा आहे, आणि लाकडाचा तो कोरडा आवाज गिटारांना छान तोडतो. १९७२ चा ‘क्लिअर स्पॉट’ सरळ आणि दणकट. मधले काही अल्बम सोडले तरी चालतील. १९८० च्या ‘डॉक अ‍ॅट द रडार स्टेशन’वर गॅरी लूकासनं एकट्यानं वाजवलेला ‘फ्लेव्हर बड लिव्हिंग’ हा छोटा गिटारचा तुकडा तुमच्यातल्या गिटारवाल्यांनी जरूर बसवावा. टॉम वेट्स, पीजे हार्वी, द फॉल, पेरे उबू, या सगळ्यांत बीफहार्ट सापडतो. सुरुवात मात्र मागून करा: आधी हाउलिन वुल्फ, मग हुकर, मग ‘सेफ अ‍ॅज मिल्क’, मग ‘क्लिअर स्पॉट’, आणि शेवटी ‘ट्राउट मास्क’, तोही एका दिवशी दोन-तीन गाण्यांपेक्षा जास्त नाही.

आता हलगी. करता येईल, आणि मला मनापासून वाटतं की कोल्हापुरात हे व्हावं. पण बहुतेक फ्यूजन बँड करतात तसं करू नका. ते हलगीला चार मात्रांच्या ठेक्यात बसवतात, वरून गिटारची कॉर्ड टाकतात, आणि हलगीचं जे खरं आहे तेच मारून टाकतात. उलट्या बाजूनं जा. चांगल्या हलगीवाल्याकडे जा, आणि त्याला क्लिक (कानात लय मोजणारी टिकटिक) न देता, मोजणी न देता वाजवू द्या. शक्य असेल तर मैदानात, कुस्ती चालू असताना रेकॉर्ड करा. कातडी हलगी शेकल्यावर तिचा आवाज चढतो आणि वाजता वाजता उतरतो. फायबरच्या हलगीत ते होत नाही, म्हणून कातडी मिळाली तर तीच घ्या. मग त्यातली फक्त चाळीस सेकंद निवडा, जिथं चाल बदलते ती.

ती चाळीस सेकंद ड्रमरनं कागदावर उतरवायची. बारीक काडीचे आणि जाड काठीचे ठोके वेगळ्या ओळींत लिहा. बारच्या रेघा आधी मारू नका, ठोके लिहून झाल्यावर कुठं श्वास पडतो ते बघून मारा. पाच, साडेसात, नऊ, जे येईल ते येऊ दे, सरळ करू नका. मग बारीक काडीची ओळ एका गिटारला द्या, जाड काठीची बासला. दुसऱ्या गिटारनं त्यातला कुठलाही एक छोटा तुकडा घेऊन तो स्वतःच्या लांबीनं फिरवत ठेवायचा. कुठं एकत्र थांबायचं हे मात्रांवर ठरवू नका. कोण किती वेळा वाजवणार, यावर ठरवा.

पहिले पंधरा दिवस हे भयानक वाजेल. हळू वाजवा, अर्ध्या लयीत, आणि दर वेळी रेकॉर्ड करून मूळ हलगीशी ताडून बघा. बरोबर बसल्याची खूण अशी की चौघांपैकी कुणीही मध्येच थांबला तर उरलेले तिघे न अडखळता पुढे जातात. हलगीवाल्याला मानधन पहिल्या दिवशीच द्या, आणि रेकॉर्डिंग बाहेर काढाल तेव्हा त्याचं नाव रचनाकार म्हणून लिहा, साथीला म्हणून नाही. गाणाऱ्याला यातलं काहीही, वाद्यं पाठ होईपर्यंत, ऐकवू नका.